पॅकेट नक्की जातं कसं? नेटवर्किंग शिकवताना सुरुवात कुठून करावी?

सुरंगी:

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळ बारावीच्या आणि बीएस्सी पहिल्या वर्षाच्या मुलांची संगणकाची शिकवणी घेते. मुलं हुशार आहेत. ओएसआयचे सात थर (नेटवर्कच्या कामाचे केबलपासून अ‍ॅपपर्यंतचे टप्पे) झोपेतून उठवून विचारले तरी क्रमानं सांगतील. पण ‘तुझ्या लॅपटॉपमधून निघालेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) सगळ्यात आधी कुणाच्या हातात पडतं?’ एवढं विचारलं की घोडं अडतं. कुणी म्हणतं गूगलच्या, कुणी टॉवरच्या, एकानं तर उपग्रह सांगितला.

मी त्यांना कदंबच्या (आमच्या गोव्याच्या एसटीच्या) बसचं उदाहरण देते. पॅकेट म्हणजे प्रवासी, राउटर म्हणजे बसस्थानक. वाळपईहून काणकोणला जायचं तर फोंड्याला उतरा, मडगावला उतरा, तिथून पुढची गाडी धरा. इथवर सगळ्यांना पटतं. पुढं प्रश्न सुरू होतात. रस्ता कोण ठरवतं? प्रवासी वाटेत हरवला तर काय? आणि परत येणारं उत्तर त्याच वाटेनं येतं का?

परीक्षेपुरतं घोकून घेतलं तर मार्क मिळतील, पण मला तेवढ्यावर समाधान नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: उदाहरणापासून सुरुवात करावी, आधी थर पक्के करावेत, की थेट संगणकावर बसवावं?

केरीकर:

थेट बसवा. पहिल्याच दिवशी ट्रेसरूट, म्हणजे पॅकेटची वाट दाखवणारी आज्ञा, चालवायला लावा. वाटेतले राउटर एकाखाली एक उमटताना पाहिले की मुलं आपणहून प्रश्न विचारतात.

झुआरीकाठ:

सुरंगीताई, मी बरीच वर्षं नेटवर्कमध्येच काम करतो, आता वेर्ण्याला असतो. बसचं उदाहरण टाकून देऊ नका, पण ते कुठं तुटतं हेही मुलांना दाखवा. खरं शिक्षण तिथंच होतं.

प्रवाशाला आपला रस्ता ठाऊक असतो. पॅकेटला नसतो. त्याच्या माथ्यावर फक्त कुठून आलं आणि कुठं जायचं एवढेच पत्ते असतात. प्रत्येक राउटर स्वतःच्या तक्त्यात बघतो आणि फक्त पुढच्या टप्प्यापुरता निर्णय घेतो. अख्खा रस्ता कुणा एकाच्या डोक्यात नसतो. दुसरं म्हणजे राउटरवर गर्दी झाली तर पॅकेट सरळ टाकून दिलं जातं. प्रवाशाला असं कुणी टाकत नाही! पाठवणाऱ्याकडे मजकूर असतोच, तो पुन्हा पाठवतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, पॅकेट आधी कुणाच्या हातात पडतं. हे डोळ्यांनी दाखवता येतं. लॅपटॉपवर वायरशार्क टाका, म्हणजे ये-जा करणारी पॅकेटं पकडून दाखवणारा प्रोग्राम. फुकट आहे, १९९८ पासून चालत आलंय, तेव्हा त्याचं नाव इथीरिअल होतं. पकड सुरू करून त्याच वायफायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपला पिंग करा (‘आहेस का?’ विचारून उत्तराला किती वेळ लागतो ते बघा). मग बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरला करा. दोन्ही पॅकेटं शेजारी शेजारी उघडून मुलांना दोनच रकाने बघायला सांगा: जायचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा) आणि जायचा मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा).

पहिल्या पॅकेटमध्ये दोन्ही पत्ते त्या दुसऱ्या लॅपटॉपचे. दुसऱ्यात आयपी दूरच्या सर्व्हरचा, पण मॅक? घरातल्याच राउटरचा! लॅपटॉपनं सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग आपल्या जाळ्याचा ते सांगणारा आकडा) लावून बघितलं, हा पत्ता आपल्या घरातला नाही, मग पाकीट गेटवेच्या, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरच्या, हवाली केलं. पुढं प्रत्येक राउटरवर मॅकचा जुना लिफाफा फाटतो आणि नवा चढतो, आतला आयपी पत्ता तोच राहतो. (घरच्या राउटरवर पाठवणाऱ्याचा आयपी बदलतो, ती गोष्ट वेगळी, ती नंतर घ्या.) हे एक ज्याला कळलं त्याला दुसरा (मॅकचा) आणि तिसरा (आयपीचा) थर वेगळे का आहेत हे पुन्हा सांगावं लागत नाही.

पिंगच्या आधी एआरपीची, म्हणजे आयपीवरून मॅक विचारण्याची, ओळ दिसेल: ‘१९२.१६८.१.१ कुणाकडे आहे? १९२.१६८.१.५ ला कळवा.’ ती जरूर वाचून दाखवा. तुमच्याकडं आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) चालू असेल तर एआरपी दिसणार नाही, तेव्हा पिंगला आयपीव्ही४ची सक्ती करा.

म्हापशेकर:

केरीकर आणि झुआरीकाठ, दोघांचंही म्हणणं मला अर्धंच पटलं. थरांना तुम्ही घोकंपट्टी म्हणून बाजूला सारताय. मी बँकांच्या शाखांची नेटवर्कं सांभाळली आहेत. फोन येतो, ‘नेट बंद आहे.’ अशा वेळी हाताशी थरच येतात. आधी केबल आणि दिवा बघा, मग स्विचवर मॅक दिसतो का, मग गेटवेला पिंग जातं का, मग बाहेरच्या आयपीला, मग नावानं. नावानं जात नाही आणि आयपीनं जातं, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेचा. हा क्रम अंगात मुरला नसेल तर माणूस तासभर ब्राउझरच पुन्हा पुन्हा उघडत बसतो. सात थर म्हणा, पाच म्हणा, पण खालून वर जायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

रानवाट_सत्तरी:

म्हापशेकर काकांना माझा दुजोरा. मी पहिल्या थराचाच माणूस, फायबर जोडतो. पुस्तकात पहिला थर अर्ध्या पानात संपतो, आमचा सगळा पावसाळा त्यात जातो.

वाळपईच्या पुढं केबल खांबावरूनच जाते. जूनमध्ये वारा सुटला, फणसाची फांदी आली, की खाली वीस-तीस घरांच्या पेटीवर लाल दिवा. मग ओटीडीआर लावायचा. ते यंत्र तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि आतून परत फिरणाऱ्या उजेडावरून तुटलंय किती मीटरवर ते सांगतं. तिथं शिडी लावायची, छत्री धरायला एक जण. तंतूवरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, क्लीव्हरनं काटकोनात छाटायचं. उघडा तंतू १२५ मायक्रॉनचा, आणि उजेड ज्यातून जातो तो आतला गाभा जेमतेम ९ मायक्रॉन. स्प्लाइसिंग मशीनच्या पडद्यावर दोन्ही टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. वर स्लीव्ह चढवून तापवायची. टोकावर धुळीचा कण राहिला तर लॉस वाढतो आणि सगळं पुन्हा छाटायचं.

मुलांना हेही सांगा, की घरापर्यंतचा फायबर बहुतेक ठिकाणी एकट्याचा नसतो. एकाच तंतूवरून स्प्लिटरनं ३२ किंवा ६४ घरं निघतात. जीपॉनमध्ये (अशा वाटून घेतलेल्या फायबरच्या पद्धतीत) खाली येणारा डेटा सगळ्या घरांच्या पेटीपर्यंत पोचतो, सांकेतिक करून, आणि पेटी आपल्या नावाचा तेवढाच उचलते. वर जाताना मात्र प्रत्येक पेटीला वेळ वाटून दिलेली असते, नाहीतर सगळ्यांचा उजेड एकमेकांत मिसळेल. येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा, जाणारा १३१० चा, म्हणून एकाच काचेतून दोन्हीकडची वाहतूक चालते.

सुरंगी:

रानवाटभाऊ, हे मला स्वतःला नवीन आहे. मुलांना शब्दशः वाचून दाखवणार.

अबोली_९:

मी ताईंच्याच वर्गात आहे, म्हणून विचारते. माझ्या घरी लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे. मैत्रिणीच्या घरीही तोच निघाला! मग गूगलचं उत्तर तिच्याकडं न जाता माझ्याकडंच कसं येतं?

झुआरीकाठ:

अबोली, छान प्रश्न. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १० नं सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेही तसेच. हे बाहेरच्या इंटरनेटवर चालतच नाहीत. तुझं पॅकेट बाहेर पडताना घरचा राउटर तुझा पत्ता काढून आपला सार्वजनिक पत्ता घालतो आणि एक पोर्ट क्रमांक देतो. तक्त्यात नोंद करतो, ‘अमुक पोर्टवर आलेलं उत्तर १९२.१६८.१.५ चं.’ याला नॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सारे मिळून सुमारे ४३० कोटी. जगाला ते पुरले नाहीत, म्हणून ही सोय इतकी पसरली.

आता घरी जाऊन राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघ. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तुमची कंपनीही तुमच्यावर आणखी एक नॅट लावतेय. ही पत्त्यांची पट्टी २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखली गेली.

तारवटी:

अच्छा, म्हणूनच! बोटीवरून घरचा कॅमेरा बघायचा म्हणून मी राउटरवर पोर्ट उघडून ठेवला होता आणि काही केल्या लागत नव्हता. वॅनचा पत्ता १०० नं सुरू होतो, आत्ताच घरी विचारून घेतला.

झुआरीकाठ:

बाहेरून आलेल्या पॅकेटसाठी कंपनीच्या नॅटमध्ये नोंदच नाही, ते तिथंच पडतं. कंपनीकडं सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर आयपीव्ही६ नं बघा. कॅमेऱ्यानंच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करायची हाही एक मार्ग आहे.

तारवटी:

देव बरें करूं. मग माझ्याकडूनही वर्गासाठी एक गोष्ट. आमच्या जहाजावर जुन्या पद्धतीचं उपग्रहाचं नेट होतं तेव्हा पिंग सहाशे मिलिसेकंदांच्या खाली कधी आलंच नाही. पॅकेज महाग घेऊन वेग वाढला तरी पिंग तेवढंच. मी हिशेब मांडला. तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. प्रश्न वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. चार फेऱ्यांचे झाले १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाला सेकंदाला ३ लाख किलोमीटरनं तेवढ्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. तिथं पैसा ओतून काही होत नाही. आता साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांचं नेट घेतल्यापासून घरी व्हिडिओवर बोलताना एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं होत नाही. बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा जातो) आणि लेटन्सी (पोचायला किती वेळ लागतो) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला असं कळलं.

केरीकर:

मस्त. जमिनीवरही हाच हिशेब लावा. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. ट्रेसरूटमध्ये आकडा बारा-पंधरावरून एकदम सव्वाशेवर गेला आणि पुढं तसाच राहिला, की समजा पॅकेट समुद्राखालच्या केबलनं पलीकडं पोचलं. मात्र त्यासाठी युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाचं संकेतस्थळ निवडा. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर मुंबईतच ठेवलेले असतात, त्यांना विचारलंत तर समुद्र लागणारच नाही.

चिखलकालो:

चवथीच्या आदल्या दिवशी बाजारातली गर्दी बघा, सुरंगीताईंची बस आणि झुआरीकाठची पॅकेटं दोन्ही एकाच जागी अडकलेली दिसतील. :)

म्हापशेकर:

चिखलकालोनं हसत हसत मोठ्या विषयाला हात घातलाय. गर्दी झाली, पॅकेटं पडली, पाठवणाऱ्यानं ती पुन्हा पाठवली, त्यानं गर्दी आणखी वाढली, आणखी पडली. हे खरंच घडलेलं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही जागांत अंतर किती, तर चारशे यार्ड! व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय काढला, टीसीपीनं (दोन टोकांच्या संगणकांनी डेटा नीट पोचवायच्या प्रोटोकॉलनं) गर्दीचा अंदाज घेऊन स्वतःच आपला वेग आवरायचा. हळू सुरू करायचं, पोच मिळत गेली की वाढवायचं, पॅकेट पडलं की कमी करायचं. आजही आपण फाईल उतरवतो तेव्हा वेग आधी चढत जातो तो याचमुळं. आणि गंमत बघा, केरीकरांचं लाडकं ट्रेसरूट लिहिलं तेही याच जेकबसन यांनी.

सुरंगी:

म्हणजे पॅकेट पोचवायची हमी नेटवर्क देतच नाही?

म्हापशेकर:

नाही देत. आयपी प्रयत्न करतो, पोचलं तर पोचलं. क्रम लावणं, हरवलेलं पुन्हा मागवणं हे दोन्ही टोकांचे संगणक टीसीपीतून करतात. मधल्या राउटरांवर हा भार नाही म्हणून ते इतके वेगवान राहू शकले. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडणी केली तेव्हा दोन्ही कामं एकाच प्रोटोकॉलमध्ये होती, पुढं टीसीपी आणि आयपी वेगळे केले. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, या जोडीवर आलं. बोलण्याच्या कॉलला एखादं पॅकेट हुकलं तर चालतं, उशिरा येऊन उपयोग नाही. अशांना टीसीपीची गरज नाही, ते यूडीपीवर, म्हणजे हरवलेलं पुन्हा न मागवणाऱ्या पद्धतीवर, जातात. माझ्या मते पहिल्या वर्षाला यापेक्षा महत्त्वाचा धडा नाही.

झुआरीकाठ:

सहमत. आता राहिला ताईंचा पहिला प्रश्न, रस्ता कोण ठरवतं. एका संस्थेच्या आत राउटर एकमेकांशी बोलून नकाशा बनवतात आणि त्यावर डायक्स्ट्रा यांची सगळ्यात कमी खर्चाच्या वाटेची रीत चालवतात. ओएसपीएफ हे त्याचं नेहमीचं नाव. मुलांच्या अभ्यासक्रमात ती रीत असतेच, पण ती इथं वापरली जाते हे त्यांना कुणी सांगत नाही.

संस्था-संस्थांमध्ये मात्र बीजीपी, म्हणजे आपल्या वाटा एकमेकांना जाहीर करायचा प्रोटोकॉल, चालतो, आणि तिथं कमी अंतरापेक्षा करार आणि धोरण मोठं. म्हणून फोंड्यातल्या एका घरातून शेजारच्या घरी, पण वेगळ्या कंपनीच्या जोडणीवर, पाठवलेलं पॅकेट मुंबईला जाऊन परत येऊ शकतं. दोन कंपन्यांची जाळी जिथं जोडलेली, तिथवर त्याला जावंच लागतं. देशातल्या देशात ही देवाणघेवाण व्हावी म्हणून २००३ मध्ये निक्सी, म्हणजे कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडून देणारी संस्था, उभी राहिली. त्याआधी असं पॅकेट परदेशी फिरून येणं नवलाचं नव्हतं.

तक्त्यातला एक नियम मात्र कागदावर करून घ्या. तिरक्या रेघेपुढचा आकडा म्हणजे पत्त्याची सुरुवातीची किती बिटं जुळायला हवीत ते; आकडा मोठा तितका पत्त्यांचा पट्टा लहान. समजा राउटरकडं तीन नोंदी आहेत: १०.२०.०.०/१६ ‘अ’ कडे, १०.२०.३०.०/२४ ‘ब’ कडे, बाकी सगळं ‘क’ कडे. १०.२०.३०.७ कुठं जाईल? तिन्ही नोंदी जुळतात, पण जास्त बिटं जुळणारी जिंकते, म्हणून ‘ब’. वाटतं साधं. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब देशापुरतं बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या /२२ पट्ट्यातला एक /२४ तुकडा आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं, ती जाहिरात बाहेर निसटली, आणि जगभरच्या राउटरांनी याच नियमानं जास्त नेमकी वाट धरली. सुमारे दोन तास यूट्यूब जगात बहुतेक ठिकाणी दिसेना. नियम पाळणाऱ्या एकाही राउटरचं यात चुकलं नव्हतं. हे मुलांना सांगून बघा, /२२ आणि /२४ मधला फरक जन्मात विसरणार नाहीत.

रानवाट_सत्तरी:

आणि ४ ऑक्टोबर २०२१? फेसबुक, व्हॉट्सअप सगळं बंद होतं आणि लोक मला फोन करून फायबर तपासायला सांगत होते.

झुआरीकाठ:

तोही बीजीपीचाच धडा. देखभालीच्या एका आदेशानं त्यांचं आतलं जाळं तुटलं, आणि त्यांच्या डीएनएस सर्व्हरांच्या वाटा बीजीपीतून मागं घेतल्या गेल्या. नाव विचारायचं तर त्या सर्व्हरपर्यंत जायलाच रस्ता नाही. सुमारे सहा तास.

सुरंगी:

मंडळी, सगळं वाचून शनिवारच्या तासाला करून पाहिलं. थर फळ्यावर एका कोपऱ्यात खालून वर लिहून ठेवले, म्हापशेकर काकांच्या शिस्तीप्रमाणे, पण पाठ करायला लावले नाहीत. आधी वायरशार्कची दोन पॅकेटं. ‘मॅक वेगळा का?’ हा प्रश्न मुलांनीच विचारला, मला विचारावा लागला नाही. मग बस आणली, आणि ती कुठं तुटते हे शोधायला लावलं. एका मुलानं सांगितलं, ‘टीचर, बसस्थानकाला प्रवाशाचं तिकीट फाडून नवं लिहावं लागतं, दर स्थानकावर.’ तास संपला तरी कुणी उठेना.

ट्रेसरूटवर मात्र अडलो. मधल्या तीन ओळींत नुसते तारे, आणि पुढं वाट पुन्हा दिसायला लागली. मुलं म्हणाली तिथं केबल तुटलीय. तुटली असती तर पुढचं दिसलंच नसतं, एवढं मी सांगितलं, पण तारे का, ते नीट सांगा.

केरीकर:

तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे. प्रत्येक आयपी पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, तो दर राउटरवर एकानं घटतो. शून्य झाला की राउटर पॅकेट टाकतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. मुळात ही सोय पॅकेट गोल गोल फिरत राहू नये म्हणून. ट्रेसरूट तिचा हुशारीनं वापर करतं: आधी टीटीएल १ ठेवून पाठवतं, मग २, मग ३. जो राउटर ‘इथं संपलं’ म्हणून कळवतो त्याचं नाव छापतं. तारे म्हणजे त्या राउटरनं कळवलं नाही किंवा त्याचा निरोप परत पोचला नाही. कित्येक कंपन्या ही उत्तरं बंद ठेवतात किंवा मोजकीच देतात, पण पुढची पॅकेटं नेहमीसारखी पाठवत राहतात.

झुआरीकाठ:

आणि तुम्ही विचारलेला तिसरा प्रश्न राहून गेला. उत्तर त्याच वाटेनं येतं असं नाही. ट्रेसरूट फक्त जायची वाट दाखवतं, यायची वाट पलीकडचे राउटर आपल्या तक्त्यांप्रमाणे ठरवतात. तारवटी, तुम्ही जहाजावरून ताईंच्या वर्गाच्या दिशेनं ट्रेसरूट चालवून इथं टाकाल का? कंपनीच्या नॅटपाशी थांबेल, पण तिथवरच्या दोन वाटा शेजारी ठेवल्या तरी पुरे.

तारवटी:

टाकतो. आमची रात्रपाळी संपली की.

रानवाट_सत्तरी:

सुरंगीताई, पुढच्या रविवारी मी फोंड्याला येतोय. तंतूचे तुकडे, क्लीव्हर आणि स्प्लाइसिंग मशीन घेऊन येऊ का? दोन तुकडे मुलांच्या हातानं जोडून घेऊ.

सुरंगी:

या नक्की, दहा वाजता. मशीनला विजेचा प्लग लागतो की बॅटरीवर चालतं?

रानवाट_सत्तरी:

बॅटरीवर. फक्त टेबल खिडकीपासून लांब ठेवा, वारा नको. आणि छाटलेले काचेचे तुकडे टाकायला झाकणाची बाटली ठेवा, बोटात घुसले तर डोळ्यांना दिसत नाहीत.